जवळची खेप की लांबचा पल्ला?
पालघर-बोईसर परिसरातील नवोदित मालमोटार चालकांसाठी काही विचार

कोणत्याही औद्योगिक क्षेत्राची भरभराट त्याच्या धुराड्यांवरून जितकी कळते, तितकीच त्याच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मालमोटारींच्या रांगेवरूनही कळते. कच्चा माल वेळेवर आला नाही तर यंत्रे थांबतात आणि तयार माल वेळेवर गेला नाही तर गोदामे तुंबतात. या दोन्ही टोकांना जोडणारा माणूस म्हणजे मालमोटारीचा चालक. पालघर जिल्ह्यातील अनेक तरुणांच्या दृष्टीने हा व्यवसाय म्हणजे गावाजवळ मिळू शकणारी, थोड्या भांडवलात व थोड्या शिक्षणात साधणारी उपजीविका आहे. मात्र या व्यवसायात पाऊल ठेवताना पहिल्या दोन-तीन वर्षांत जो निर्णय घ्यावा लागतो, त्याचा शांतपणे विचार क्वचितच होतो. जवळच्या खेपा कराव्यात की लांब पल्ल्याची गाडी धरावी, हा तो निर्णय होय. त्यावर चालकाचे उत्पन्नच नव्हे, तर त्याचे आरोग्य, त्याचे कुटुंब आणि पुष्कळदा त्याचा जीवही अवलंबून असतो. गावातील तरुण सल्ल्यासाठी शिक्षक, ग्रामसेवक, सरपंच यांच्याकडेच येतो. म्हणून या प्रश्नाच्या सर्व बाजू त्यांच्यासमोर मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

परिसराचे स्वरूप

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडा हे त्याचे आठ तालुके. एका बाजूस समुद्रकिनारा व मासेमारीची गावे, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी पाडे आणि मधोमध लोहमार्ग व राष्ट्रीय महामार्ग, अशी या जिल्ह्याची रचना आहे. तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत बोईसर स्थानकालगत वाढत गेली. रसायने, औषधी द्रव्ये, कापड आणि पोलाद हे येथील प्रमुख उद्योग.

या वसाहतीचा माल बोईसरहून चिल्हार फाट्यावर येऊन मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. पूर्वीचा क्रमांक ८ असलेला हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ म्हणून ओळखला जातो. दिल्लीपासून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बंगळूर असा तो थेट चेन्नईपर्यंत जातो. म्हणजे चिल्हार फाट्यावर उभ्या असलेल्या तरुणापुढे अक्षरशः दोन वाटा असतात. भिवंडीची गोदामे, न्हावा-शेवा बंदर, वापी किंवा वसई येथे माल पोहोचवून रात्री घरी परतावे, ही एक वाट. त्याच रस्त्याने राजस्थान, दिल्ली किंवा दक्षिणेकडील राज्ये गाठून आठ-पंधरा दिवसांनी परतावे, ही दुसरी.

वयाची व अनुज्ञप्तीची अट

निवडीचा विचार करण्यापूर्वी कायद्याने कोणती वाट केव्हा खुली होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे मोटार चालविण्याची अनुज्ञप्ती, म्हणजेच लायसन, वयाच्या १८ व्या वर्षी मिळू शकते. परंतु परिवहन वाहनासाठी अधिनियमाने २० वर्षांची मर्यादा घातली आहे. हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष जवळ असल्याखेरीज परिवहन वाहनाची शिकाऊ अनुज्ञप्तीही मिळत नाही. अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात दृष्टी व लाल-हिरवा रंग ओळखण्याची क्षमता तपासली जाते. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली आहे.

हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर छोटा मालवाहू टेम्पो चालविता येतो किंवा नाही, याविषयी दीर्घकाळ वाद होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यावर निर्णय दिला. ज्या परिवहन वाहनाचे एकूण वजन ७,५०० किलोग्रॅमपेक्षा अधिक नाही, ते चालविण्यास हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती पुरेशी आहे, असा त्याचा आशय आहे. एकूण वजन म्हणजे वाहन व माल मिळून नोंदलेले वजन, हे ध्यानात ठेवावे. धोकादायक मालाच्या वाहनांना ही सवलत नाही. वीस वर्षांच्या आतील तरुणाने आपल्याला काय चालविता येईल, हे मालकाच्या तोंडी सांगण्यावर न ठेवता परिवहन कार्यालयातून खात्री करून घ्यावी. अनुज्ञप्ती नसताना वा चुकीच्या वर्गाची असताना अपघात झाला, तर दंडाबरोबर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

कायद्याचा हा क्रम पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. अठरा ते वीस ही दोन वर्षे वाया जाणारी नसून शिकण्याची आहेत. या काळात क्लीनर म्हणून काम केलेल्या तरुणाला माल कसा रचावा, ताडपत्री व दोर कसे आवळावेत, टायरमधील हवा, ब्रेक व दिवे कसे तपासावेत, बिल्टी कशी वाचावी, हे सारे चाक हातात येण्यापूर्वीच अवगत होते.

जवळच्या खेपा : लाभ व अडचणी

स्थानिक वाहतुकीचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे रात्रीची झोप स्वतःच्या घरी मिळते. जेवण घरचे असते, आजारपणात जवळची माणसे असतात, मुलांची शाळा नजरेसमोर राहते. पालघरसारख्या भागात याला आणखी एक अर्थ आहे. येथील बहुसंख्य कुटुंबांची थोडीफार भातशेती असते. आषाढात आवणीला आणि दिवाळीच्या आगेमागे कापणीला घरातील प्रत्येक हाताची गरज लागते. किनाऱ्यावरील गावांत १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीपलीकडील तरुण जवळच्या कामाच्या शोधात असतात. घरच्या हंगामाशी मेळ घालून करता येईल असे चालकाचे काम बहुधा स्थानिकच असते.

दुसरा लाभ शिक्षणाचा आहे. जवळच्या खेपेत दिवसातून अनेकदा गाडी मागे घ्यावी लागते, कारखान्याच्या अरुंद फाटकातून आत न्यावी लागते, धक्क्याला बरोबर लावावी लागते. पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीसारखे चढ-उतार रोज पार करावे लागतात. महामार्गावर सरळ शंभर किलोमीटर जाण्याने जे कौशल्य येत नाही, ते अशा पंधरा दिवसांत येते. चूक झालीच तर ती बहुधा कमी वेगात होते आणि मदत जवळ असते. नवशिक्याच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

तथापि स्थानिक काम म्हणजे सोपे काम, असा समज करून घेऊ नये. सकाळी लवकर भरलेली गाडी फाटकावर तासन्तास उभी राहते. शहरांत अवजड वाहनांना ठराविक वेळी प्रवेशबंदी असल्याने वेळापत्रक कोलमडते. घोडबंदर किंवा वसईच्या बाजूस वाहतूक तुंबली की रात्री घरी परतण्याचे आश्वासन कागदावरच राहते. काही ठिकाणी माल चढविण्या-उतरविण्याचे कामही चालकाच्या गळ्यात पडते आणि त्याची हमाली वेगळी मिळत नाही. खेपेवर पैसे मिळत असतील, तर दिवसाला एक खेप जास्त मारण्याच्या घाईत वेग वाढतो. म्हणून स्थानिक नोकरी पत्करतानाही पगार मासिक आहे की खेपेवर, थांबण्याच्या वेळेचे पैसे मिळतात किंवा नाही आणि हमाली कोणाची, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

धोकादायक मालाचा वेगळा विचार

तारापूरच्या संदर्भात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. येथील जवळच्या खेपांपैकी पुष्कळ खेपा आम्ले, द्रावके व इतर रसायनांच्या टँकरच्या असतात. अंतर थोडे असले तरी हे काम नवशिक्याचे नव्हे. टँकरमधील द्रव वळणावर एका बाजूस ढकलला जातो आणि ब्रेक लावताच पुढे येतो. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा सांभाळण्यास अधिक अवघड असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे अशा वाहनाच्या चालकाने विहित प्रशिक्षण घेतलेले असावे लागते, आणि त्याला एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. इंग्रजीची अट कित्येकांना जाचक वाटते, परंतु रसायनाचे नाव व सूचना इंग्रजीत लिहिलेल्या असतात, हे लक्षात घेतले की तिचे प्रयोजन कळते. टँकरवर मालाची ओळख सांगणारी पाटी, धोक्याचे चिन्ह आणि आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक असावा लागतो. गळती झाल्यास काय करावे याची लेखी माहिती चालकाच्या खोलीत ठेवावी लागते. परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीची मुदत पाच वर्षांची असली, तरी धोकादायक मालासाठी ती तीन वर्षांचीच असते.

महामार्गावर मनोर व चारोटी यांच्या दरम्यान असलेली मेंढवणची खिंड अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तेथे टँकर उलटला, तर चालकाबरोबर आसपासच्या पाड्यांनाही त्याची झळ पोहोचते. म्हणून टँकरचे काम पहिल्या नोकरीत न घेता, साध्या मालाच्या गाडीवर हात बसल्यावर व रीतसर प्रशिक्षण घेतल्यावरच घ्यावे.

लांबचा पल्ला : आकर्षण व वास्तव

लांब पल्ल्याच्या गाडीचे आकर्षण तरुणांना असते आणि ते अनाठायी नाही. पगाराशिवाय भत्ता मिळतो, देश पाहावयास मिळतो, मोठी गाडी हाताळण्याचा मान मिळतो. हिंदीचा सराव होतो, व्यापारी पेठांची ओळख होते आणि पुढे स्वतःची गाडी घ्यावयाची असल्यास भाडे कोठे व कसे मिळते, याचे ज्ञान येथेच मिळते. पुष्कळ गाडीमालकांनी आपल्या धंद्याची सुरुवात लांब पल्ल्याचे चालक म्हणूनच केलेली असते.

परंतु या वाटेचा खरा हिशेब वेळेत मांडला पाहिजे. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ ने चालकासाठी दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी काही अटींवर ती दिवसाला १० व आठवड्याला ५४ तासांपर्यंत नेण्याची मुभा दिली. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्यातून एक सुट्टी, हीही त्यात होती. हा अधिनियम आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयक संहितेत समाविष्ट झाला आहे. ८ तासांच्या दिवसाचे व ४८ तासांच्या आठवड्याचे तत्त्व तिनेही कायम ठेवले आहे.

आता बोईसर ते दिल्ली हे सुमारे १,३०० किलोमीटरचे अंतर घेऊ. भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर ८ तासांत ३२० किलोमीटर होतात आणि एकट्या चालकाला एका बाजूस चार दिवस लागतात. मालक तीन दिवसांत गाडी पोहोचवा म्हणत असेल, तर सोबत दुसरा चालक हवा. तो नसेल, तर उरलेला एक दिवस चालकाच्या झोपेतून वसूल होतो. ई-वे बिलाची मुदत संपेल, असे कारण कधी कधी पुढे केले जाते. त्या बिलाला साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. म्हणजे १,३०० किलोमीटरसाठी सात दिवस होतात. घाई कागदपत्रांमुळे नसते, हे यावरून दिसून येईल. चाकावर क्षणभर लागलेली डुलकी ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीला दर सेकंदास सुमारे १७ मीटर पुढे नेते, एवढेच येथे सांगणे पुरेसे आहे.

अन्य देशांतही हा प्रश्न याच अंगाने हाताळला गेला आहे. युरोपीय संघात चालकाने साडेचार तास गाडी चालविल्यावर ४५ मिनिटे थांबावे लागते आणि दिवसाची मर्यादा सर्वसाधारणपणे ९ तासांची असते. अमेरिकेत २१ वर्षांखालील चालकाला सर्वसाधारणपणे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मालवाहतूक करता येत नाही. त्याला प्रथम आपल्याच राज्यात गाडी चालवावी लागते. आधी जवळ आणि मग लांब, हा क्रम त्या देशाने कायद्यातच घातला आहे.

आरोग्याचा विचारही टाळता येत नाही. अवेळी जेवण, एकाच जागी बसणे आणि धाब्यावरची संगत यांतून पाठदुखी, पोटाचे विकार, मधुमेह व व्यसने जडतात. एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लांब पल्ल्याच्या चालकांसाठी स्वतंत्र काम करावे लागले, यातच पुष्कळ काही आले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाची खोली वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे. ही स्वागतार्ह सुधारणा आहे, पण रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांना ती लागू नाही.

उत्पन्नाचा हिशेब कसा मांडावा

निवड करताना तरुण बहुधा हाती येणारी रक्कम पाहतो. हातात उरणारी रक्कम पाहण्याची सवय त्याला लावली पाहिजे. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत.

समजा, स्थानिक कामात महिना १८,००० रुपये मिळतात आणि डबा घरचा असल्याने बाहेरचा खर्च १,५०० रुपये होतो. उरले १६,५००. लांब पल्ल्याच्या कामात पगार व भत्ता मिळून ३०,००० रुपये मिळतात आणि महिन्यातील २५ दिवस रस्त्यावर जातात. जेवण, चहा, आंघोळ व किरकोळ बाबींवर रोज ३५० रुपये धरले, तर ८,७५० रुपये खर्च होतात. उरले २१,२५०. वरकरणी १२,००० रुपयांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात ४,७५० रुपयांचा आहे. त्याला २५ ने भागले, तर घराबाहेर काढलेल्या प्रत्येक रात्रीचे १९० रुपये पडतात. हे १९० रुपये पुरेसे आहेत की नाहीत, हे ज्याचे त्याने ठरवावे. डोक्यावर कर्ज असलेल्या अविवाहित तरुणाचे उत्तर एक असेल, तर तान्हे मूल आणि आजारी आईवडील असलेल्याचे दुसरे.

या हिशेबात आणखी काही बाबी येतात. पंक्चर, मालातील तूट, दंडाची चलने यांची रक्कम चालकाच्या पगारातून कापली जाते काय? परतीचे भाडे मिळेपर्यंत गाडी चार दिवस खाली उभी राहिली, तर त्या दिवसांचा भत्ता मिळतो काय? क्षमतेपेक्षा जादा माल भरल्यास अधिनियमाप्रमाणे २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. ही जबाबदारी गाडी चालविणाऱ्यावर येते, तशीच ती चालवावयास लावणाऱ्यावरही येते. म्हणून वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये. भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा आणि कामावरील अपघाताची नुकसानभरपाई हे लाभ भत्त्यासारखे डोळ्यांना दिसत नाहीत, पण संकटकाळी तेच उपयोगी पडतात. पाच-सहा गाड्यांच्या मालकापेक्षा मोठ्या वाहतूक संस्थेत पगार थोडा कमी असला, तरी हे लाभ मिळण्याची शक्यता अधिक असते.

पुढील काळाची दिशा

जिल्ह्यातील वाहतुकीचे स्वरूप बदलत आहे, हेही विचारात घेतले पाहिजे. दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा १,५०६ किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक लोहमार्ग या जिल्ह्यातून जातो. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली असून प्रकल्पाचा खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये अंदाजिण्यात आला आहे. या बंदराविषयी किनाऱ्यावरील मच्छीमार व बागायतदार यांच्या मनात चिंता आहे आणि तिचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. चालकांच्या दृष्टीने पाहता, लांबचा माल जसजसा रेल्वेने जाऊ लागेल, तसतशी बंदर, मालधक्का, गोदाम व कारखाना यांमधील आखूड खेपांची गरज वाढण्याचा संभव आहे. ट्रेलर व कंटेनर सफाईने मागे घेऊ शकणारा, कागदपत्रे वाचू शकणारा स्थानिक चालक अशा वेळी अधिक मोलाचा ठरेल. आज जवळची खेप करणे म्हणजे कमीपणा पत्करणे, असे मानण्याचे कारण नाही.

ग्रामपंचायत व शाळा काय करू शकतील

या साऱ्याचे तात्पर्य असे की, बहुतेक नवोदितांसाठी हलक्या टेम्पोपासून आरंभ, मग साध्या मालाच्या जवळच्या खेपा, त्यानंतर अनुभवी चालकासोबत दुसरा चालक म्हणून दोन-चार लांबच्या फेऱ्या आणि शेवटी स्वतंत्र निवड, हा क्रम हितावह आहे. हा क्रम पाळणे शक्य व्हावे म्हणून गावाला पुढील गोष्टी करता येतील.

ग्रामपंचायतीने गावातील इच्छुक तरुणांची व त्यांच्या अनुज्ञप्तींची, मुदतीसह, एक नोंदवही ठेवावी. मुदत संपल्याचे अपघातानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने डोळ्यांची व रक्तदाबाची तपासणी योजावी. आदिवासी विकास विभागाची प्रशिक्षणे आणि शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाच्या वाहनकर्जाच्या योजना यांची माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी. मात्र कर्ज काढून गाडी घेण्याची घाई करू नये, निदान दोन वर्षे दुसऱ्याची गाडी चालवून धंदा समजून घ्यावा, हा सल्लाही सोबत द्यावा.

शिक्षकांनी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना रस्त्यावरील चिन्हे, वेग-वेळ-अंतराची गणिते आणि इंग्रजीतील धोक्याच्या सूचना शिकवताना या व्यवसायाचीच उदाहरणे घ्यावीत. वर दिलेला दिल्लीचा हिशेब सातवीच्या मुलालाही सोडविता येईल. तो ज्याने शाळेत सोडविला, तो उद्या मालकाच्या अशक्य मागणीला आकड्यांनिशी उत्तर देऊ शकेल.

तरुणाने नोकरी पत्करताना पगार, भत्ता, कामाचे तास व कपाती एका कागदावर लिहून घ्याव्यात. मूळ अनुज्ञप्ती मालकाच्या स्वाधीन करू नये. अपघात झाल्यास जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळविणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. जमावापासून जिवाला धोका असल्यास तेथून दूर होऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जावे, परंतु पळून जाऊ नये.

जवळची खेप आणि लांबचा पल्ला यांपैकी एक चांगला व दुसरा वाईट, असे नाही. राष्ट्राच्या अर्थव्यवहाराला दोन्ही चालकांची सारखीच गरज आहे. वय, कौशल्य, घरची परिस्थिती आणि कायद्याने दिलेला विश्रांतीचा हक्क या चार गोष्टी तोलून जो तरुण आपली वाट निवडील, तो त्या वाटेवर अधिक काळ व अधिक सुरक्षितपणे चालेल. त्याला हे तोलून पाहण्यास शिकविणे गावातील जाणत्या मंडळींच्या हाती आहे.